आरोपी ठरला, तपास कुठे आहे?

केंद्रीय भूजल मंडळाचा 2024 चा वार्षिक गुणवत्ता अहवाल आला आणि मथळ्यांना एक आकडा मिळाला: 440 जिल्हे. भूजलात नायट्रेटचे अतिरिक्त प्रमाण असलेले जिल्हे 2017 मध्ये 359 होते, 2023 मध्ये ते 440 झाले. देशभरातील सुमारे 20 टक्के नमुन्यांनी प्रतिलिटर 45 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा ओलांडली. राजस्थानात हे प्रमाण 49 टक्के, कर्नाटकात 48, तमिळनाडूत 37. आकड्यांपाठोपाठ आरोपीही ठरला: शेतात युरिया ओतणारा शेतकरी.

शेतकरी निर्दोष आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जिथे शेतच नाही, अशा दाट वस्तीतील कूपनलिकेत नायट्रेट येते कुठून? याचे उत्तर बहुधा घरामागच्या सेप्टिक टाकीत असते, आणि तिच्याविषयी बोलणे गैरसोयीचे असते.

सेप्टिक टाकी म्हणजे शुद्धीकरण केंद्र नव्हे. तिच्यात गाळ तळाशी बसतो. बराचसा नायट्रोजन मात्र अमोनियमच्या रूपात पाण्याबरोबर बाहेर पडतो. शोषखड्ड्याखालच्या हवेशीर मातीत जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. धनभारित अमोनियम चिकणमातीला चिकटून राहते. ऋणभारित नायट्रेटला माती धरून ठेवू शकत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते.

साधा हिशेब मांडून पाहावा. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे 3 किलो नायट्रोजन बाहेर पडतो. एका हेक्टरवर 300 माणसे राहत असतील तर झाले 900 किलो. एवढा युरिया कोणताही शहाणा शेतकरी एका हेक्टरला घालणार नाही. त्यातील केवळ चतुर्थांश भूजलापर्यंत पोहोचला असे धरले, तरी सुमारे 1000 किलो नायट्रेट तयार होते. माणशी रोज 50 लिटर सांडपाणी आणि वर्षाला 100 मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरला असे मानले, तर मुरणाऱ्या पाण्यातील नायट्रेट प्रतिलिटर 150 मिलिग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे मर्यादेच्या तिप्पट!

हा केवळ कागदी हिशेब नाही. कर्नाटकातील मुळबागल येथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी शौचखड्डे आणि भूजलातील नायट्रेट यांचा संबंध दाखवून दिला आहे. तरीही विहीर आणि शौचखड्डा यांत दहा-पंधरा मीटर अंतर ठेवले की कर्तव्य संपते, हा समज कायम आहे. ते अंतर मुख्यतः रोगजंतूंसाठी आहे. जंतू वाटेत मरतात, नायट्रेट मरत नाही. खडकातील भेगांमधून तर ते सहज पुढे सरकते.

यावर ठरावीक आक्षेप येतो: मग शौचालये बांधूच नयेत काय? अवश्य बांधावीत. उघड्यावरील शौचामुळे पसरणारे रोग अधिक घातक आहेत. स्वच्छ भारत मोहिमेने 10 कोटींहून अधिक शौचालये उभी केली, हे मोठेच काम झाले. पण मैला नजरेआड झाला म्हणजे नाहीसा झाला, असे मानणे ही आत्मवंचना आहे.

दोषी कोण, हे ओळखण्याची साधने उपलब्ध आहेत. रासायनिक खतातील नायट्रोजनमध्ये जड समस्थानिक नायट्रोजन-15 चे प्रमाण हवेतल्याइतकेच असते. मलमूत्रातून आलेल्या नायट्रेटमध्ये ते वाढलेले दिसते. माणसाचा मैला आणि गुरांचे शेण यांतील फरक समस्थानिक सांगू शकत नाहीत. तिथे कॅफीन आणि कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये साक्ष देतात, कारण गुरे चहा-कॉफी किंवा शीतपेये पीत नाहीत.

ही साक्ष न काढता जिल्ह्यांची यादी छापणे म्हणजे रोगाचे नाव न सांगता ताप मोजत बसणे. निदान चुकले की उपायही चुकतो: खतावर निर्बंध येतील आणि वस्तीतली विहीर तशीच राहील. त्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून बाळाला पाजणाऱ्या आईला पाणी उकळण्याचा सल्ला मिळेल. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटून ते उलट दाट होते. आणि नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून बाळ निळे पडू शकते, हे वैद्यकाला 1945 पासून ठाऊक आहे.

म्हणून पुढील अहवालात केवळ 'किती' नको, 'कशामुळे' हवे. मर्यादा ओलांडणाऱ्या दाट वस्त्यांत स्रोत-तपासणी सक्तीची व्हावी, निष्कर्ष विहिरीगणिक जाहीर व्हावेत, आणि शौचालयाच्या निधीतच मैला उपसून त्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च धरला जावा. शौचालयाचे काम दार लावल्यावर संपत नाही. जमिनीखाली ते तेव्हाच सुरू होते.