नांदेडचे दुसरे बटण

महायुती २३०, महाविकास आघाडी ४६. २०२४च्या विधानसभेचा आकडाच एवढा दणदणीत, की जिल्ह्यांचे निकाल खोलात जाऊन वाचण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही. साताऱ्यात आठपैकी आठ, जळगावात अकरापैकी अकरा जागा महायुतीला. पृथ्वीराज चव्हाण कऱ्हाड दक्षिणेत पडले, बाळासाहेब थोरात संगमनेरात. कांद्याने तापलेल्या नाशिक जिल्ह्यात सहा महिने आधी नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही लोकसभेच्या जागा आघाडीने जिंकल्या होत्या. तिथे या वेळी पंधरापैकी चौदा आमदार महायुतीचे. लाडक्या बहिणींच्या खात्यातले दीड हजार, आघाडीतली जागावाटपाची भांडणे, ही कारणे सांगून झाली आहेत.

ती खरी असतील, पण नांदेडला पुरत नाहीत. या जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा महायुतीने घेतल्या. अशोक चव्हाण काँग्रेस सोडून गेल्यावर दुसरे काय होणार, असे म्हणून आपण पुढे सरकलो असतो. पण काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे तिथे त्याच दिवशी, २० नोव्हेंबरला, लोकसभेची पोटनिवडणूकही होती. शाई लावलेल्या मतदाराने एकाच केंद्रात दोन यंत्रांवर दोनदा बटण दाबले. नांदेड लोकसभेत येणारे विधानसभेचे सहाही मतदारसंघ महायुतीकडे गेले आणि खासदार मात्र काँग्रेसचा, रवींद्र चव्हाण, १,४५७ मतांनी! लाट म्हणायची, तर ती एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचू नये?

तेव्हा नऊपैकी नऊ म्हणजे जिल्ह्यात विरोधी मत उरले नाही, असे कुणी समजू नये. ते आहे, त्याला आमदार नाही, एवढेच. आणि पंचाईत तिथेच आहे. जिल्ह्याच्या विकासनिधीचे वाटप ठरते जिल्हा नियोजन समितीत, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली. घटनेनुसार समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतल्या लोकनियुक्त सदस्यांमधून यायला हवेत. पण नांदेड, सातारा, जळगाव या तिन्ही जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक बसले होते. कुणाच्या गावचा रस्ता यादीतून का गळला, हे बैठकीत विचारायला जिल्हा परिषदेचा सदस्यच नव्हता.

जिल्हा परिषदांच्या निवडणुका न होण्याला, ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, ही सबब २०२४पर्यंत अडीच वर्षे पुरली. २३० आमदारांच्या सरकारला ती शोभत नव्हती.  हा वाद निकाली निघावा म्हणून सरकारने तेव्हाच न्यायालयात तातडीने सुनावणी मागायला हवी होती आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकांचा मार्ग मोकळा करायला हवा होता.