मागचा हॉर्न

काल नळस्टॉपला चहा घेत अर्धा तास नुसता सिग्नल बघत उभा होतो. लाल दिव्याचे शेवटचे ५-६ सेकंद उरले की मागून हॉर्न सुरू. पुढचा एक जण सुटतो, मग त्याच्यामागे सगळे. झेब्रावरच्या आजी मध्येच अडकलेल्या.

२०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये सिग्नल तोडणं म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग. त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण पावती फाटते पुढच्याची. त्याला ढकलणारे आपण, मागे नामानिराळे!

मंडळी, लाल दिव्याला थांबलेला माणूस येडा नसतो. त्याच्यामागे गुपचूप थांबा. आजींना पलीकडे पोहोचू द्या. एवढं तरी जमेल ना?