चित्रफितीचा शेवट कोठे गेला?

वाचकहो, आज प्रथम माझीच एक चूक कबूल करतो.

सन २०१८ च्या जून महिन्यात माझ्या मोबाइलवर एक चित्रफीत आली. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोन इसम येतात, एका लहानग्यास उचलतात आणि पसार होतात. खाली मजकूर असा की, मुले पळविणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, सर्वांस त्वरित कळवा. मी ती तत्काळ बहिणीच्या घरी धाडली. माझी भाची तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने मला उलट विचारले, "मामा, ही गल्ली कुठली? आणि पुढे काय झालं?" मी तिला दटावले. मोठ्यांस असे प्रश्न विचारू नयेत, धाकट्या भावाकडे लक्ष ठेवावे, असा उपदेशही केला.

ती गल्ली आपल्या भागातली नव्हतीच. कराची शहरात हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन ह्या संस्थेने आईबापांस सावध करण्याकरिता २०१६ साली ती फीत तयार केली होती. मूळ फितीत ते दोघे मुलास घेऊन लगेच परत येतात, त्यास सुखरूप खाली उतरवितात आणि कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवावयास एक क्षण पुरतो, अशा आशयाचा फलक उलगडून दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापला आणि उरलेल्या भागाखाली आपल्या पदरचा मजकूर जोडला. फीत बनावट नव्हती. तिला केवळ शेवट राहिला नव्हता.

त्या पावसाळ्यात अशाच अफवांनी देशात अनेकांचे प्राण घेतले. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस मुले पळविणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले. पुढे दोन आठवड्यांच्या आत, १३ जुलै रोजी, बीदर जिल्ह्यात दुसरी घटना घडली. हैदराबादहून मोटारीने आलेल्या मित्रांपैकी एकाने परदेशातून आणलेली चॉकलेटे वाटेत शाळकरी मुलांस वाटली. एवढ्यावरून संशय उठला. ते निघाले तोच संदेश मोबाइलवरून त्यांच्यापुढे धावला, मुर्की गावापाशी त्यांस गाठण्यात आले आणि त्यांच्यातील एक तरुण इंजिनिअर मारला गेला. आखातातून सुट्टीवर येणारा आपला कोणता पाहुणा गावच्या मुलांस चॉकलेट देत नाही? ती बातमी वाचल्यावर मला भाचीचे ते दोन प्रश्न आठवले आणि रात्री झोप लागली नाही.

त्याच वर्षी २४ जानेवारीस दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी खोट्या बातम्यांविषयी संदेश प्रसिद्ध केला होता. पहिली खोटी बातमी एदेन बागेतील सर्पाने पसरविली, असे ते त्यात म्हणतात. सर्पाचे बोलणे निव्वळ थाप नव्हते, अर्धे खरे होते. म्हणून तर ते हव्वेस पटले.

तेव्हा मुलांस काय शिकवावयाचे? 'मोबाइलवर विश्वास ठेवू नको' एवढे सांगून भागत नाही. जो कशावरच विश्वास ठेवीत नाही तो खऱ्या सूचनेसही हसतो. केरळातील कण्णूर जिल्ह्यात २०१७ साली गोवर-रुबेलाच्या लसीविरुद्ध मोबाइलवरून अफवा उठल्या आणि लसीकरणाचे काम अडखळले. त्यापासून धडा घेऊन जिल्हा प्रशासनाने २०१८ साली सुमारे १५० सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाने तास सुरू केले. आलेला मजकूर कोणी लिहिला, कोठून आला, तो पाठविण्यात कोणाचा लाभ, हे मुलांस तेथे विचारावयास शिकविले जाई. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर अर्धा तास काढला तरी एवढे सहज होईल. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या माथ्यावर दोन बाण दिसले, तर तो निदान पाच हातांतून फिरत आलेला असतो. हीसुद्धा पुष्कळ वडीलधाऱ्यांस ठाऊक नसलेली खूण आहे.

खुणांवर मात्र फार विसंबू नये. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस पांढरा फुगीर कोट घालून चालले आहेत असे छायाचित्र जगभर फिरले. ते संगणकाने रचलेले होते. त्यातील हाताची बोटे नीट जुळत नव्हती आणि गळ्यातील क्रुसाची साखळी अपुरी होती, म्हणून जाणत्यांनी ते ओळखले. आता यंत्रे सुधारली आहेत, बोटे नीट काढतात. अशा वेळी बोटे मोजणारा मुलगा फसेल; हे कोठले आणि पुढे काय झाले, असे विचारणारा सहसा फसणार नाही.

खरी अडचण मुलांत नाही, आपल्यात आहे. कुटुंबाच्या गटावर काका, आत्या, आजोबा ह्यांनी पाठविलेले चूक असू शकते, असे म्हणण्याची मुभा आपण मुलांस देत नाही. त्यास आपण उद्धटपणा म्हणतो. माझ्या मते हा मान आता थोडा सैल सोडला पाहिजे. मूल नम्रपणे विचारीत असेल, तर त्यास उत्तर मिळाले पाहिजे. उत्तर ठाऊक नसेल, तर 'ठाऊक नाही, शोधू या' असे बापाने म्हणावे.

घरी करण्याजोगा एक खेळ सांगतो. मुलांस घरातलीच एक फीत काढू द्यावी, मग तिचा शेवट स्वतःच्या हाताने कापून दुसऱ्यांस दाखवू द्यावी. गेल्या नाताळात भाचीच्या धाकट्या भावाने तेच केले. त्याने मला मोबाइल दाखविला: त्याची आजी काठी उगारून शेजारच्या पोराच्या अंगावर धावते, पोर किंचाळते, फीत संपते. "सणाच्या दिवशी हे काय!" असे मी म्हणालोही. भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मामा, पुढे काय झालं ते विचारा ना," ती म्हणाली.

तिच्या भावाने उरलेला भाग लावला. पोराच्या मागून एक कुत्रे तोंडात करंजी धरून परसात पळत होते, आणि आजी पोरास ओलांडून त्याच्यामागे.