बग कळवणाऱ्याला काढून बग जात नाही

निवडणूक आली की आपल्या जमातीच्या, मोहल्ल्याच्या, बिरादरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये एक ठरलेला खेळ सुरू होतो. २०२४ मध्ये तो दोनदा झाला. लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसच्या नसीम खान यांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि आपले ग्रुप पेटले. एक म्हणाला, मग यांना मत कशाला द्यायचं? दुसरा म्हणाला, आधी संविधान वाचवू, हिशेब नंतर मागू. विधानसभेला तेच पुन्हा. पतंगाला मत म्हणजे कमळाला मत की पंजाला मत म्हणजे गुलामी?

प्रश्न खरे होते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आपण ११.५४ टक्के. २८८ जणांच्या विधानसभेत आपले आमदार निवडून आले दहा. यावर बोलायलाच हवं होतं. पण बोलणं झालं का? तिसऱ्या मेसेजला 'एजंट', पाचव्याला 'मुनाफिक', दहाव्याला कुणाच्या तरी वडिलांचा उद्धार. मग ॲडमिनसाहेबांनी बटण दाबलं: आता फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाच्या फुलासकट 'जुमा मुबारक'.

मला या लेखात एकच गोष्ट म्हणायची आहे. मत मांडण्याचं जे स्वातंत्र्य आपण सरकारकडे मागतो, ते आपल्या ग्रुपमध्ये आपण एकमेकांना देत नाही. आणि याची किंमत नुसत्या रुसव्याफुगव्यांत मोजली जात नाही. ती जमिनीत, हक्कांत आणि गमावलेल्या माणसांत मोजली जाते.

ग्रुपमधली माणसं

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. आमच्या जमातीच्या ग्रुपमध्ये साडेचारशे माणसं आहेत. गावातली, मुंब्र्यातली, कुवेतमधली, कतारमधली. तुमचा ग्रुप परभणीचा असो की भिवंडीचा, यातली माणसं तुम्हाला ओळखीची वाटतील.

एक फॉरवर्डवाले चाचा असतात. आलेला प्रत्येक मेसेज पुढे ढकलणं हे त्यांना सवाबाचं काम वाटतं. एक वकीलसाहेब असतात, गटाराच्या तक्रारीतही ते कलम २५ काढतात. गल्फमधले एक भाई असतात. जमातीला सर्वात मोठा चंदा त्यांचा, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचा. एक जोशिला पोरगा असतो, त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'रस्त्यावर उतरा' हेच सुचतं. एक 'इत्तेहाद' वाले बुजुर्ग असतात. भांडण सुरू झालं की ते दोन्ही बाजूंना सारखंच गप्प करतात, मग चूक कुणाचीही असो. आणि उरलेली चारशे माणसं वाचतात आणि काहीच बोलत नाहीत.

या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. चाचांना काळजी असते, वकीलसाहेबांना कायदा माहीत असतो, जोशिल्या पोराच्या पोटात खरी आग असते. मेहनतीचा पैसा गावाला पाठवणाऱ्या भाईंचा हक्कही मोठा आहे. प्रत्येक जिवंत समाजात असे वेगवेगळे स्वभाव असतातच. तक्रार आहे ती या स्वभावांना एकत्र वागायला लावणारा एकही नियम आपण केला नाही, याची. नियम नसला की ज्याचा आवाज मोठा तो बहुमत वाटू लागतो. पाच जण चाळीस मेसेज टाकतात आणि आपण म्हणतो, 'गावाचं मत असं आहे'. गावाचं मत कुणी विचारलेलंच नसतं.

एक प्रश्न आणि एक बटण

२०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती कायदा आला. आमचा ग्रुप महिनोन्महिने त्यावर तापला होता. अलविदा जुम्याला हाताला काळी पट्टी, ३० एप्रिलला रात्री नऊ वाजता पंधरा मिनिटं बत्ती गुल. कायद्याला विरोध माझाही होता आणि आहे. पुढे जूनमध्ये केंद्र सरकारने 'उमीद' पोर्टल सुरू केलं. वक्फ मिळकतींची माहिती त्यावर भरायला सहा महिन्यांची मुदत होती. मुदत हुकली की न्यायाधिकरणाच्या दारात जाऊन कारणं सांगत बसायचं.

मुदत संपत आली तेव्हा गावातल्या एका शिक्षिकेने ग्रुपवर तीन ओळी लिहिल्या. आपल्या कब्रस्तानाची आणि दर्ग्याच्या जमिनीची माहिती पोर्टलवर भरली आहे का? भरली असेल तर ती कुणी आणि कधी भरली? रस्त्याकडेच्या दुकानांचं भाडं किती येतं आणि करार कधी संपतात?

या तीन ओळींत कुणाचं नाव नव्हतं, आरोप नव्हता, टोमणा नव्हता. वर्षभरात त्या ग्रुपवर आलेला सर्वात उपयोगी मेसेज तो होता. उत्तरं अशी आली: 'ही वेळ आहे का हे विचारायची?' 'सरकारची भाषा बोलताय.' 'औरतांनी यात पडू नये.' अर्ध्या तासात त्यांना ग्रुपमधून काढलं. मी कारण विचारलं, तर उत्तर मिळालं, 'जे बोलायचं ते जमातीच्या मीटिंगमध्ये बोला.' त्या मीटिंगला बायकांना बोलावतच नाहीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात कुणी बग कळवला तर त्याचे आभार मानतात. कळवणारा माणूस कसा आहे, त्याने कोणत्या वेळी कळवला, त्याचा हेतू काय, हे नंतरचे प्रश्न. आधी बघतात बग खरा आहे का. कळवणाऱ्याचं अकाउंट बंद करून बग जात नाही. तो तिथेच राहतो आणि एके दिवशी नको त्या माणसाच्या हाती लागतो.

आपल्या इतिहासात हे झालेलं आहे. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम महिला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. हमीद दलवाई त्यांच्या सोबत होते. दलवाई आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजोळीचे. त्यांची सगळी मतं पटायलाच हवीत असं नाही, मलाही सगळी पटत नाहीत. पण त्या सात बायकांच्या प्रश्नाचं काय केलं आपण? प्रश्न विचारणाऱ्यांना दूर सारलं. मग २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि २०१९ मध्ये सरकारने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात टाकणारा कायदा केला. आपण त्याच्याविरुद्ध ओरडलो. ओरडणं बरोबर होतं. पण मधली पन्नास वर्षं आपल्या हातात होती. घरात दाबलेला प्रश्न बाहेरून हुकूम होऊन येतो आणि तो हुकूम आपल्याला विचारून लिहिलेला नसतो. वक्फच्या बाबतीतही तेच होतंय. सरकारने 'गैरव्यवहार' हा शब्द उचलला, कारण आपण आपल्या हिशेबाच्या वह्या एकमेकांना दाखवल्या नाहीत.

तीन सबबी

पहिली सबब: 'वातावरण खराब आहे, घरचं भांडण बाहेर जाईल.' वातावरण खराब आहे यात शंका नाही. २०१४ च्या जूनमध्ये कुणीतरी फेसबुकवर टाकलेल्या आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात तणाव पसरला आणि हडपसरला सोलापूरचा एक तरुण आयटी कर्मचारी जमावाच्या मारहाणीत मेला. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. २०२३ मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये काही व्हॉट्सॲप स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली. हे विसरून कुणी लिहू नये. शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणारा, डिवचणारा एक शब्दही ग्रुपवर येता कामा नये, आणि आला तर ॲडमिनने लगेच काढावा. पण जरा विचार करा. दुकानांचं भाडं विचारल्याने दंगल होते का? आपले ॲडमिन चिथावणीचे फॉरवर्ड दोन-दोन दिवस राहू देतात आणि हिशेबाचा प्रश्न अर्ध्या तासात काढतात. ही खबरदारी नव्हे. भीतीच्या आडोशाने केलेली सोय आहे.

दुसरी सबब: 'काही झालं तर ॲडमिन जेलमध्ये जाईल.' मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू दिसायला हवा. सावध राहणं वेगळं. पण कायद्याची भीती दाखवून प्रश्नाचं तोंड बंद करू नका.

तिसरी सबब सर्वात जुनी: 'इत्तेहाद मोडतोय, हा फितना आहे.' यावर मला माझ्या मस्जिदीतलंच उदाहरण द्यावंसं वाटतं. कोकणात आम्ही बहुतेक शाफई. घाटावर बहुतेक हनफी. पुण्यात जुम्याला एकाच सफेत उभे राहतो. रुकूत जाताना मी हात उचलतो, शेजारचा उचलत नाही. नमाज दोघांचीही होते, खांद्याला खांदा लागलेलाच असतो. इमाम शाफई इमाम मालिक यांच्याकडे शिकले आणि पुढे कित्येक मसल्यांत त्यांच्याशी असहमत झाले. इमाम अबू हनीफा यांचे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी उस्तादांपेक्षा वेगळी मतं देत राहिले, आणि ती मतं आजही हनफी किताबांत उस्तादांच्या मताशेजारी नोंदलेली आहेत. त्यांना कुणी 'रिमूव्ह' केलं नाही. नमाजसारख्या गोष्टीत ज्या समाजाने मतभेद सांभाळले, त्याला कमळ-पंजा-पतंगावरचा मतभेद सांभाळता येऊ नये?

राजकारणातही तेच. २०२४ मध्ये मालेगाव मध्यची निवडणूक १६२ मतांनी लागली. निवडून आलेला मुस्लिम, दुसऱ्या क्रमांकाचाही मुस्लिम. त्याने कौम बुडाली नाही. लोकांपुढे दोन माणसं होती, त्यांनी निवड केली. यालाच लोकशाही म्हणतात. सगळ्यांनी एकच मत द्यावं हा आग्रह आपल्याला 'व्होट बँक' म्हणणाऱ्यांचा आहे. तो आपण आपल्या हाताने खरा का करून दाखवायचा?

उद्धटपणा म्हणजे सडेतोडपणा नव्हे

इथे जोशिल्या दोस्तांनाही दोन शब्द. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी समोरच्याला 'गुलाम', 'बी टीम', 'बिकाऊ' म्हटलं की ते म्हणणं तिथेच मरतं. आमच्या क्षेत्रातलं एक उदाहरण आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं लोकांना ईमेलवर अपमानास्पद बोलत. 'तो हुशार आहे, त्याचा स्वभावच तसा' म्हणून सगळे चालवून घेत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर माफी मागितली, काही दिवस कामातून बाजूला झाले, आणि प्रकल्पाने वागणुकीची नियमावली स्वीकारली. त्यानंतर खराब कोड नाकारणं थांबलं का? अजिबात नाही. आजही रोज नाकारतात. फक्त कोड नाकारतात, माणूस नाही.

शिव्या आणि लेबलं मोठ्यांच्या कामालाच येतात. तुम्ही शिवी दिली की ॲडमिनला प्रश्न काढायची गरज उरत नाही. शिवीचं कारण दाखवून तुम्हाला काढता येतं, आणि तुमच्याबरोबर प्रश्नही जातो.

मग करायचं काय

ग्रुप सोडणं हा उपाय नाही. सुशिक्षित पोरं कंटाळून बाहेर पडतात, 'आमचा वेगळा ग्रुप' करतात आणि तिथे एकमेकांना अंगठे दाखवत बसतात. जमातीची जमीन मात्र जुन्याच ग्रुपवाल्यांच्या हातात राहते. आत राहा आणि हे नियम मागा.

एक, कुणालाही काढण्याआधी कारण ग्रुपवर लिहायचं आणि किमान दोन ॲडमिन सहमत हवेत. दोन, ॲडमिनपैकी एक तरी बाई असावी, आणि ज्या मीटिंगकडे बोट दाखवता त्या मीटिंगला बायकांना बोलवावं. तीन, बातमी टाकणाऱ्याने ती कुठून आली ते सांगायचं. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करायला सांगितलं आहे, एकमेकांना वाईट नावं ठेवू नका असंही तिथेच सांगितलं आहे. फॉरवर्डचं बटण दाबताना ते आठवायला हवं. चार, ग्रुपमध्ये मेसेज वाहून जातात, म्हणून अनुत्तरित प्रश्नांची एक वही ठेवायची. प्रश्न, तारीख, उत्तर कोण देणार. दर महिन्याला ती वही ग्रुपवर टाकायची. साध्या कागदावर लिहून फोटो काढला तरी चालेल.

आणि त्या गप्प चारशेंना एक विनंती. भाषण करू नका, भांडू नका. कुणी सभ्य प्रश्न विचारला आणि त्याच्यावर झुंड आली, तर फक्त एक ओळ लिहा: 'मलाही याचं उत्तर हवं आहे.' अशा दहा ओळी आल्या की बटणावरचा अंगठा थबकतो.

व्हॉट्सॲपवर ग्रुपच्या माहितीत खाली गेलात तर मागच्या ६० दिवसांत बाहेर पडलेल्या आणि काढलेल्या सदस्यांची यादी दिसते. आज ती उघडा. त्यातलं एक नाव निवडा, फोन लावा आणि विचारा की काढलं तेव्हा तुमचा प्रश्न काय होता. मग तोच प्रश्न, त्याच शब्दांत, तुमच्या नावाने ग्रुपवर टाका.