शाल नको, टेबल द्या

मराठी भाषा गौरव दिन आला की एखादं वाचनालय लोककलावंताला बोलावतं. शाल, श्रीफळ, फोटो. संध्याकाळी तो एसटीनं घरी. याला आपण 'विविधतेचा उत्सव' म्हणतो! ही तर नुसती हजेरी झाली.

पिंगुळीची चित्रकथी घ्या. ठाकर आदिवासी कलावंत एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगतात. चित्रांच्या त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. म्हणजे ते पुस्तकच की! २०२१मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. पण अशा पोथीला आपल्या वाचनालयात कपाट कुठंय?

कलावंताला तीन महिने वाचनालयात बसवा. टेबल द्या, मानधन द्या. पोरं रोज येतील, विचारतील, आपल्या आजीची गोष्ट स्वतः चितारतील.

'पैसे कुठून आणायचे?' प्रश्न खरा आहे. गावोगावच्या ग्रंथपालांनाच धड पगार नाही. पण वाचनालयांना सरकारी अनुदान देणारा कायदा १९६७पासून आहे. मग ग्रंथपालाचा पगार आणि कलावंताचं मानधन एकाच अर्जात मागा. या दोघांना एकमेकांसमोर उभं करू नका.

आणि तुम्ही? रील शेअर करून झालं असेल, तर जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा. मग हक्कानं भांडा.