अर्धा तास कुणाचा?



दोन वर्षांपूर्वी दाढ काढायची होती म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासून यायला सांगितले. रिपोर्टमध्ये एचबीए१सी ६.३ आले. हा आकडा मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. मला कसलाच त्रास होत नव्हता. आयुष्यभर लोकांना 'जागे व्हा' असे सांगत फिरलो आणि स्वतःच्या शरीराबाबत मात्र झोपून राहिलो, हे त्या दिवशी कळले.

मी एकटा नव्हतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर उभे आहेत. हा म्हातारपणाचा आजार आहे, असे समजून तुम्ही पान उलटू नका. उंबरठ्यावरून मागे फिरता येते, आणि जितक्या लवकर फिराल तितके सोपे जाते.

डॉक्टरांनी मला गोळी दिली नाही. रोज काय काय खाता-पिता ते लिहून आणा, एवढेच सांगितले. तो कागद लिहिताना मलाच लाज वाटली. बैठका, भेटीगाठी, मयतीला जाणे, लग्नाचे आमंत्रण, सगळीकडे चहा. दिवसाला पाच कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी दिवसाची ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जात होती, म्हणजे महिन्याला दीड किलो! जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेल्या साखरेची दिवसाची कमाल मर्यादाच साधारण ५० ग्रॅम आहे, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर अधिक चांगले. मी चहा सोडला नाही. आधी दोन चमच्यांचा एक केला, दोन महिन्यांनी अर्धा. आता पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो.

दुसरी सवय चालण्याची. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे रोज अर्धा तास आणि दोन दिवस सुट्टी. जिम लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. जेवणानंतर दहा मिनिटे चाललात तरी पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात.

तिसरी झोपेची. आपल्या मोहल्ल्यांत रात्री एक वाजेपर्यंत नाक्यावर गप्पा रंगतात आणि घरी आल्यावर मोबाइल हातात येतो. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. ती मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, चिडचिड होते आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. मी मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपतो. उपाय साधा आहे, पण माझ्यापुरता तरी चालला.

सहा महिन्यांनी आकडा ५.८ वर आला. मी खूश होऊन घरात सांगितले. तेव्हा माझी कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्ही चालायला जाता तेव्हा अम्मी तुमचा डबा करत असते. ती कधी जाणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. माझा अर्धा तास कुणाच्या तरी वेळेतून आला होता, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. ती दिवसभर उभी असते, म्हणून तिला व्यायामाची गरज नाही, असे मी धरून चाललो होतो. तिचे रक्त शेवटचे कधी तपासले होते, हेही मला आठवेना. तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९ निघाले. बायकांसाठी ते १२ च्या खाली असू नये. सगळ्यांचे आटोपल्यावर उरलेले खाण्याची सवय हीसुद्धा सवयच, आणि ती तिने एकटीने लावून घेतलेली नव्हती.

आता सकाळचा डबा मी आणि मुलगी आळीपाळीने करतो. सुरुवातीला पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या, अजूनही फार गोल होत नाहीत. बायको शेजारच्या दोघींबरोबर फिरायला जाते. रात्री सगळे एकाच दस्तरखानावर बसतो, एकाच वेळी वाढून घेतो आणि मोबाइल दूर ठेवतो. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून एक अभ्यास सुरू आहे. त्यात माणसांच्या आयुष्याचा दशकानुदशके मागोवा घेतला गेला. जवळच्या माणसांशी ज्यांचे चांगले जमते ती माणसे अधिक सुखी आणि अधिक निरोगी राहतात, हा त्यातला ठळक निष्कर्ष. आमच्या घरात याचा अनुभव एका जेवणाच्या वेळेतून आला.

म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे. सवयी लावाल तेव्हा घरातल्या कुणाच्या वेळेवर त्या उभ्या राहतात, ते आधी पाहा. भावांनो, निदान एका वेळच्या स्वयंपाकाची जबाबदारी घ्या. बहिणींनो, फिरायला जाण्यासाठी 'काम काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर देत बसू नका. आरोग्य हेच काम आहे. घरात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, ही तपासणी मोफत होते. वस्तीत चालायला फुटपाथ नसेल, बागेत संध्याकाळी दिवे नसतील, तर दहा जणांच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. मन जड झाले असेल, कुणाशी बोलावेसे वाटत नसेल, तर १४४१६ या टेली मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. त्यात कमीपणा काही नाही.

आज रात्री जेवताना अम्मीला एवढेच विचारा, "तुमचे रक्त शेवटचे कधी तपासले?" उत्तर मिळाले नाही, तर सुरुवात कुठून करायची ते तुम्हाला कळेल.