शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात शिरलेले वाहन बांदा मागे टाकून इन्सुलीस आले, की तपासणी नाक्याशी त्याची गाठ पडते. गोव्यातील स्वस्त मद्य कोणी चोरून आणीत आहे की काय, हे तेथे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते. त्याच रस्त्याने, उलट दिशेस, सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील तरुण-तरुणी रोज सकाळी पोटासाठी गोव्यात जातात. त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाही. रुग्णालयांत परिचारिका, खाजगी घरांत म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या सेविका, अशाही मुली त्यांत असतात. जिल्ह्यात उपचार न झालेल्या रुग्णांना घेऊन बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे धावणाऱ्या गाड्याही याच मार्गाच्या. शुश्रूषेचे हात आणि शुश्रूषेचे गरजू असे दोघेही हद्दीपलीकडे जात आहेत, आणि अलीकडे उरली आहेत ती वृद्ध माणसे.

ही भावविवशतेची भाषा नाही. 2001 मध्ये 8,68,825 असलेली सिंधुदुर्गची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 8,49,651 वर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीनच जिल्हे त्या दशकात घटले. हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया, हा याच जनगणनेतील सिंधुदुर्गचा आकडा वाचून कोणी अभिमान बाळगू नये. कमावते पुरुष गाव सोडून गेल्याची ती नोंद आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांपासून सुरू झालेली ही रीत आता पुणे, बंगळूर आणि आखातापर्यंत पोहोचली आहे. पूर्वी चाकरमान्याची मनीऑर्डर येई आणि घरात सून, दीर, पुतणे असत. आता पैसे क्षणात येतात. ते बँकेतून काढून आणावयास मात्र घरात माणूस नसतो.

वृद्धाश्रम असावेत की नसावेत या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. तो वाद वक्तृत्वस्पर्धांसाठी राखून ठेवावा. एकोणिसाव्या शतकात पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराश्रितांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. ते आज ‘निवारा’ या नावाने सर्वांस परिचित आहे. पोर्तुगीज अमदानीपासूनची प्रोवेदोरिया गोव्यात वृद्धांची निवासगृहे चालवीत आली. सिंधुदुर्गातही पणदूरचा सविता आश्रम, अणावचा आनंदाश्रय, असलदेचा दिविजा वृद्धाश्रम ही नावे आता घरोघर माहीत आहेत. ज्यांचे कोणी नाही, किंवा असूनही नाही, अशांना या संस्थांनी आसरा दिला. पुढे जे लिहीत आहोत ते कोणा एका संस्थेस उद्देशून नाही. या सर्वांकडे पाहण्याच्या समाजाच्या दृष्टीविषयी आहे.

ती दृष्टी इमारतीवर खिळलेली आहे. कोनशिला, पंखे, सौर दिवे, जलशुद्धीकरण यंत्र, वाढदिवसाचे अन्नदान यांना दाते मिळतात, कारण या वस्तूंवर नाव घालता येते. रात्रपाळीच्या सेविकेच्या पगारावर नाव घालता येत नाही. परिणामी संस्थेत संगमरवरी फरशी असते आणि ती पुसणारी बाई तीच असते, जिने पहाटे चार वाजता एका आजीचे ओले अंथरूण बदललेले असते.

अंकगणिताच्या शालेय पुस्तकात शोभेल असे एक उदाहरण येथे सोडवून पाहू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस सुमारे दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे शय्याव्रण होत नाहीत, असा शुश्रूषेचा जुना पाठ आहे. कूस बदलणे, स्वच्छ करणे, कपडे सारखे करणे, दोन घोट पाणी पाजणे यांस माणशी दहा मिनिटे धरली आणि असे दहा जण असले, तर एकशे वीस मिनिटांतील शंभर मिनिटे याच कामात गेली. उरलेल्या वीस मिनिटांत औषधे, जेवण भरविणे, भांडी, आणि कोणी हाक मारली तर ओ देणे! शिवाय जड माणसाची कूस सुरक्षितपणे बदलण्यास दोघे लागतात. दुसरे कोणी नसले की सेविका एकटीच उचलते, आणि काही वर्षांत तिची कंबर जाते.

आता दुसरे उदाहरण. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. एका माणसाने अठ्ठेचाळीस तास काम करावे असे धरले, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. रजा आणि आजारपण धरून चार. जेथे ही जागा दोघींवर चालते तेथे प्रत्येकीच्या वाट्यास आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास येतात. यातील बरेच तास ‘निवासी सेविका’ या गोंडस नावाखाली झाकले जातात. ती तेथेच राहते, तेथेच जेवते, म्हणून ती कधीच कामावरून सुटत नाही. मग एखाद्या दुपारी ती एखाद्या आजोबांच्या अंगावर ओरडते. ते पाहणारा पाहुणा ‘बघा, कशी वागवतात!’ म्हणत घरी जातो. ओरडणे समर्थनीय आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वृद्धांशी होणाऱ्या क्रौर्यास क्षमा असू नये. परंतु ज्या व्यवस्थापकाने तिला लागोपाठ तिसरी रात्र जागविली त्याला आणि ज्या देणगीदाराने पगारासाठी पैसे देण्याचे नाकारले त्यालाही या घटनेची थोडी जबाबदारी घ्यावी लागेल.

सेविकेचे हित आणि वृद्धाचे हित ही दोन वेगळी खाती नव्हेत, याचा दारुण पुरावा 2020 मध्ये जगास मिळाला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहात करोनाचा संसर्ग शिरला, तेव्हा तो आसपासच्या संस्थांत कसा पोहोचला याची तपासणी झाली. आजारी असतानाही कामावर येणारे, आणि एकाहून अधिक संस्थांत काम करणारे कर्मचारी हे त्याचे एक कारण आढळले. या क्षेत्रात पगार तुटपुंजे असतात आणि आजारपणाची पगारी रजा अनेकांना मिळत नाही, हे तेथील जाणत्यांनी पूर्वीपासून सांगितले होते. सेविकेस दोन दिवसांची पगारी रजा देण्याचा खर्च ज्यांना जड वाटतो त्यांनी ही किंमत लक्षात घ्यावी.

राहणाऱ्यांच्या सुखाचीही आपली कल्पना अपुरीच आहे. स्वच्छ खाट, दोन वेळचे जेवण आणि संध्याकाळची प्रार्थना झाली की आपले समाधान होते. परंतु जन्मभर उकड्या तांदळाची पेज जेवलेल्या म्हाताऱ्यास रोज सकाळी उपमा देणे, मासळीवाचून घास न उतरणाऱ्यास दात्यांच्या भावनेखातर बारमाही शाकाहारी ठेवणे, हे त्याचे घर दुसऱ्यांदा काढून घेण्यासारखे आहे. ज्या बाईने रातांबे फोडून सोले वाळविली, काजू निवडले, झापे विणली, तिच्या हातांना काम हवे असते. तिला ‘आजी, तुम्ही आता आराम करा’ असे म्हणणे ही दया तिला जाचते. 1976 मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात साधा प्रयोग केला. एका गटातील वृद्धांना स्वतःच्या दिनक्रमातील लहानसहान निर्णय घेऊ दिले आणि सांभाळावयास एकेक रोपटे दिले. दुसऱ्या गटाची सर्व काळजी कर्मचाऱ्यांनी घेतली. पहिल्या गटातील माणसे अधिक सावध व उत्साही आढळली. कोकणात रोपट्यास तोटा नाही. परसात अळू, तोंडली, जास्वंद लावू देण्यास कोणाची देणगी लागत नाही. म्हातारीस हात धरून परसापर्यंत नेण्यास मात्र एक मोकळे माणूस लागते. प्रश्न फिरून तेथेच येतो.

मालवणीत बोलणाऱ्याशी मालवणीत बोलणारे कोणी असावे, ही अपेक्षाही विलास समजली जाऊ नये. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची शिकलेली भाषा प्रथम विरते आणि बालपणीची उरते, असे अनेक घरांनी अनुभवले आहे. म्हणूनच गावातील मुलगी गावाजवळच्या आश्रमात टिकणे हे केवळ तिच्या रोजगाराचे प्रकरण नाही. ती गोव्यात गेली म्हणून तिला दोष देण्याचा अधिकार कोणास नाही. तेथे चार पैसे अधिक आणि कामाची वेळ ठरलेली, तर ती जाणारच.

कायदा काय करतो? मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा, प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निर्धन वृद्धांची सोय होईल असे एक तरी वृद्धाश्रम शासनास उभारता येईल, असे सांगतो. ‘उभारलेच पाहिजे’ अशा भाषेस तो बिचकतो. अशा निवासांची नोंदणी व्हावी आणि त्यांस किमान मानके असावीत, अशी तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच 2024 मध्ये त्या लोकसभेबरोबर संपले. पाच वर्षांत त्यासाठी कोणी रस्त्यावर उतरल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणखी एक गंमत. ‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्याकडे प्रसूतिगृह किंवा छोटे इस्पितळ डोळ्यांपुढे येते. परंतु 1949 च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाच्या व्याख्येत आजारी व जखमी यांच्याबरोबर विकलांगतेने पीडित माणसांचाही उल्लेख आहे. अट एवढीच, की त्यांच्यावर तेथे उपचार व शुश्रूषा होत असावी. खाटेस खिळलेल्यांची नळीने अन्न देऊन देखभाल करणारे आश्रम त्या शब्दांत का बसू नयेत, याचा विचार आरोग्य खात्याने करावा. मात्र नोंदणी म्हणजे आणखी एक निरीक्षक आणि आणखी एक चहापान असे होणार असेल, तर ती न झालेली बरी. निरीक्षकाने भिंतीवरील तक्त्यांपेक्षा हजेरीपुस्तक पाहावे, आणि काल रात्री कोण जागे होते, आज तेच कामावर आहे काय, हा प्रश्न विचारावा.

जिल्ह्यास करता येण्याजोगे आहे ते फार मोठे नाही. सिंधुदुर्गनगरीस 2021-22 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तेथील डॉक्टरांची आठवड्यातून एक फेरी आश्रमांत व्हावी. माणूस कसा उचलावा, कसा बसवावा, घास अडकू न देता कसा भरवावा, याचे शिक्षण सेविकांना तेथे मिळावे आणि त्याचे प्रमाणपत्रही. तालुक्यातील सर्व संस्थांनी मिळून तीन-चार बदली सेविका कायम पगारावर ठेवाव्यात, म्हणजे कोणाच्या घरी लग्न असो वा बाळंतपण, रजा मागताना तिला अपराध्यासारखे उभे राहावे लागणार नाही. आणि एखाद्या वृद्धाचे देहावसान झाले, की ज्या बाईने त्याचे शेवटचे तोंड पुसले तिला तो दिवस तरी कामातून मोकळीक असावी. घरच्यांना सुतक असते. तिला तासाभरात त्याच खाटेची चादर बदलून पुढच्या माणसासाठी खाट तयार करावी लागते.

येत्या गणपतीत मुंबई-पुण्याचे आमचे पुष्कळ वाचक इन्सुली, बांदा, कुडाळ, कणकवलीस जातील. त्यांतील काहीजण प्रथेप्रमाणे जवळच्या आश्रमात लाडवांचे डबे घेऊन जातील आणि छायाचित्र काढतील. त्यांनी या वर्षी डब्याबरोबर व्यवस्थापकास एवढेच विचारावे, की एका बदली सेविकेचा वर्षाचा पगार किती होतो, आणि आपण चार घरे मिळून त्याचा वाटा कसा उचलू शकू. पावतीवर ‘वेतननिधी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.